संशोधनाचें दार

जळगांवच्या मेहरूण तलावाकांठीं सायंकाळीं फिरावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांत हल्लीं एक विषय वारंवार निघतो: कोणत्या प्रयोगशाळेंत संशोधनवृत्तीची जागा निघाली, अर्जाची मुदत केव्हां संपते, मुलाखतीस कोणास बोलावणें आलें. जागा थोड्या व उमेदवार फार, ही त्यांची तक्रार खोटी नाहीं. तथापि अशा जागेची जाहिरात निघते, पात्रता छापून येते आणि ती वाचून मुलगा व मुलगी सारख्याच हक्कानें अर्ज करितात, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. कारण ती आपोआप घडून आलेली नाहीं.

१९३३ सालीं कुमारी कमला भागवत मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेंत पहिल्या आल्या. त्यांचे वडील व चुलते हे दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेंत शिकलेले रसायनज्ञ. तेव्हां मुलीनेंही तेथेंच संशोधन करावें, हें घरास स्वाभाविक वाटलें. परंतु संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं अर्ज नाकारला. उणीव गुणांची नव्हती. अर्जदार स्त्री होती, एवढेंच! कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहींत. त्या बंगलोरास गेल्या, समोर उभ्या राहिल्या आणि नकाराचें कारण विचारूं लागल्या. अखेर प्रवेश मिळाला, तो अटींवर. एक वर्ष कसोटीचें. संचालकांची खात्री पटेपर्यंत केलेल्या कामास मान्यता नाहीं.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं दूध व डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष सरलें, खात्री पटली, आणि पुढें इतर मुलींसही तें दार उघडलें. त्यानंतर त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतील ‘सायटोक्रोम सी’ या द्रव्यावर त्यांनीं लिहिलेला प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. त्यावर १९३९ सालीं त्यांस डॉक्टरेट मिळाली. स्वदेशीं परतल्यावर दिल्ली, कुन्नूर व मुंबई येथें त्यांनीं अध्यापन आणि संशोधन केलें. नीरेच्या पोषणगुणांवरील त्यांचें काम प्रसिद्धच आहे.

यावरून रामन यांच्या विज्ञानांतील थोरवीस बाध येतो, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु थोर पुरुषाच्या हातींही दाराची किल्ली एकट्याची असूं नये, हा धडा यांतून घ्यावयाचा. छापील पात्रता व जाहीर निवड हे कागदी उपचार नव्हेत. ज्याच्यामागें वडील-चुलते उभे नाहींत, त्याचे तेच वडील-चुलते होत.

खानदेशास स्वतःचें विद्यापीठ मिळालें तें १९९० सालीं, जळगांवीं. तोंवर येथील महाविद्यालयांस पुण्याकडे पाहावें लागे. या विद्यापीठास आज बहिणाबाई चौधरींचें नांव आहे, म्हणजे जिला अक्षरओळखही लाभली नाहीं अशा, जवळच्याच आसोद्याच्या लेकीचें! आतां बाहेरचें दार बरेंच उघडलें आहे. उरलें तें घरचें. संशोधनाचीं चार-पांच वर्षें म्हणजे लग्नाचीं वर्षें वायां गेलीं, असा हिशेब अजून पुष्कळ घरीं मांडला जातो. मुलीच्या अर्जावर सही करावयाची वेळ येईल तेव्हां, वाचकहो, कसोटीचें तें एक वर्ष आठवावें. त्या वर्षीं परीक्षा एका मुलीची चालली होती खरी. परंतु आज कस लागला आहे तो आपला.