बेस गिटार : सुट्या भागांनी सुधारणा

स्वस्त विद्युत बेस गिटारचे निवडक भाग बदलून तिचा नाद, सुरातली स्थिरता व हाताळणी सुधारण्याची पद्धत. लिओ फेंडर यांच्या प्रिसिजन बेसची (१९५१) मान धडाला स्क्रूंनी जोडलेली होती. भाग बदलण्याची सोय अशी रचनेतच आली. फेंडरच्याच ‘स्क्वायर’ या स्वस्त नाममुद्रेची वाद्ये यासाठी हौशी वादकांना विशेष प्रिय आहेत.

सर्वाधिक फरक तारांची कंपने टिपणाऱ्या पिकअपने पडतो. स्वस्त बेसमध्ये बहुधा सिरॅमिक चुंबक असतात. त्यांऐवजी अल्निको चुंबकांचे पिकअप बसवतात. जोडीला सहसा २५० किलोओहमचे पॉट (आवाज व टोन कमीजास्त करणारे नियंत्रक) व टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थिंगला जोडली की खरखर बरीच कमी होते. मात्र फेंडरच्याच, दोन पिकअप असलेल्या जॅझ बेसचे दोन्ही व्हॉल्यूम कमीजास्त ठेवल्यावर येणारी गुणगुण तिने जात नाही. तो एकेरी वेटोळ्याच्या पिकअपचा गुणधर्म आहे.

धडावर तारा धरणाऱ्या जड ब्रिजचा गाजावाजा त्याच्या परिणामापेक्षा मोठा आहे. खुंट्या व ब्रिज घेताना छिद्रांची मापे आधी जुळवावीत, नाहीतर ड्रिल हाती घ्यावे लागते.

खरे तर पहिला खर्च नव्या तारांवर व जुळणीवर करावा. तारेचा बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता, नुसती स्पर्शून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा लागला, तर ब्रिजवरचे त्या तारेचे सॅडल (टेकू) मानेपासून मागे सरकवतात. उतरता लागला तर पुढे. याला फक्त स्क्रूड्रायव्हर व ट्यूनर लागतो. काढलेले मूळ भाग जपून ठेवतात, कारण विकताना बदललेल्या भागांची किंमत क्वचितच वसूल होते.