टॉम लँटॉस : मानवाधिकारांची कसोटी आणि परराष्ट्र धोरण

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात 1981 पासून 2008 पर्यंत कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडील मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करणारे टॉम लँटॉस हे नाझी वंशसंहारातून वाचलेले अमेरिकी काँग्रेसचे एकमेव सदस्य होत. राष्ट्राचे परराष्ट्र धोरण मानवाधिकारांच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे, हा त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा मुख्य आग्रह होता. तो त्यांनी कितपत पाळला आणि कोठे तो अडखळला, हे पाहिले म्हणजे लोकप्रतिनिधीच्या हाती असलेल्या साधनांची ताकद आणि मर्यादा दोन्ही लक्षात येतात.

लँटॉस यांचा जन्म 1 फेब्रुवारी 1928 रोजी बुडापेस्ट येथील एका ज्यू कुटुंबात झाला. 1944 मध्ये जर्मन सैन्याने हंगेरी व्यापल्यावर त्यांची रवानगी सक्तमजुरीच्या छावणीत झाली. तेथून निसटल्यावर स्वीडनचे मुत्सद्दी राऊल वॉलेनबर्ग यांच्या संरक्षणाखालील घरात त्यांना आसरा मिळाला. संरक्षक कागदपत्रे वाटून आणि स्वीडनच्या ध्वजाखाली घरे उभी करून वॉलेनबर्ग यांनी हजारो ज्यूंचे प्राण वाचवले. जानेवारी 1945 मध्ये सोव्हिएत सैन्याने त्यांना ताब्यात घेतले आणि ते पुन्हा परतले नाहीत. लँटॉस 1947 मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले, अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवून प्राध्यापक झाले आणि 1980 च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाकडून निवडून आले. वॉलेनबर्ग यांना अमेरिकेचे मानद नागरिकत्व देणारे विधेयक त्यांनी सभागृहात प्रथम मांडले. त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. हा मान त्यापूर्वी केवळ विन्स्टन चर्चिल यांना मिळाला होता.

परराष्ट्र व्यवहार चालवणे हे अध्यक्षांचे व परराष्ट्र खात्याचे काम. कायदेमंडळाचा सदस्य ना राजदूत नेमतो, ना वाटाघाटी करतो. परंतु जाहीर सुनावणी, ठराव, व्यापाराच्या अटी, निर्बंध आणि निधीची मंजुरी ही साधने त्याच्या हाती असतात. लँटॉस यांनी ती सर्व वापरली. 1983 मध्ये रिपब्लिकन पक्षाचे जॉन पोर्टर यांच्यासमवेत त्यांनी काँग्रेसमधील मानवाधिकार गट स्थापन केला. सोव्हिएत संघात अडकलेल्या ज्यूंपासून अनेक देशांतील पीडितांची गाऱ्हाणी या व्यासपीठावर मांडली गेली. 21 सप्टेंबर 1987 रोजी धर्मशाळेहून आलेल्या दलाई लामांनी तिबेटविषयीचा आपला पंचसूत्री शांतता आराखडा याच गटापुढे सादर केला.

चीनबाबत लँटॉस यांची भूमिका अखेरपर्यंत कठोर राहिली. 2000 चे ऑलिंपिक बीजिंगला देऊ नये, असा ठराव त्यांनी 1993 मध्ये मांडला व प्रतिनिधिगृहाने तो संमत केला. त्या सप्टेंबरात सिडनीने 45 विरुद्ध 43 मतांनी बीजिंगवर मात केली. व्यापार वाढला की स्वातंत्र्य आपोआप येईल, हा त्या काळी वॉशिंग्टनमध्ये रूढ असलेला समज त्यांना मान्य नव्हता. म्यानमारच्या लष्करी राजवटीविरुद्ध आयातबंदी घालणाऱ्या 2003 च्या कायद्यामागेही तेच होते. मात्र केवळ बहिष्कारावर त्यांचा भर नव्हता. लिबियाने महासंहारक शस्त्रांचा त्याग जाहीर केल्यानंतर जानेवारी 2004 मध्ये ते त्रिपोलीला गेले आणि गद्दाफींशी बोलले. प्रतिपक्षाने वर्तन बदलल्यास दार उघडावे, असे त्यांचे मत होते.

या भूमिकेवर गंभीर आक्षेपही आहेत. 10 ऑक्टोबर 1990 रोजी मानवाधिकार गटापुढे ‘नायिरा’ या नावाने एका 15 वर्षांच्या कुवेती मुलीने साक्ष दिली. इराकी सैनिकांनी रुग्णालयातील काचपेट्यांतून अर्भके बाहेर काढून मरायला टाकली, असे तिने सांगितले. युद्धाच्या बाजूने लोकमत वळवण्यात या कथनाचा मोठा वाटा होता. ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या असल्याचे जानेवारी 1992 मध्ये उघड झाले. साक्षीमागे कुवेतच्या बाजूने काम करणारी जनसंपर्क कंपनी होती आणि त्या घटनेला आधार सापडला नाही. मुलीची ओळख लँटॉस यांना ठाऊक होती. कुवेतमधील तिच्या नातलगांच्या सुरक्षेसाठी ती झाकल्याचे त्यांनी सांगितले. हेतू काहीही असो, पडताळणी न झालेली साक्ष युद्धाच्या कामी आली, हा डाग पुसला गेला नाही. मानवाधिकारांची भाषा जितकी प्रभावी, तितकी तिच्या वापरात सत्याची जबाबदारी मोठी, हा या प्रकरणाचा धडा होय.

पुढे ऑक्टोबर 2002 मध्ये इराकविरुद्ध बळाचा वापर करण्यास परवानगी देणाऱ्या ठरावाला त्यांनी पाठिंबा दिला आणि नंतर युद्धाच्या हाताळणीवर ते कडक टीका करू लागले. आर्मेनियन वंशसंहाराला मान्यता देण्याच्या प्रश्नावरही त्यांचे मत बदलले. तुर्कस्तान हा महत्त्वाचा मित्र असल्याने 2000 मध्ये त्यांनी विरोध केला होता. 2003 च्या इराक युद्धात तुर्कस्तानने अमेरिकी सैन्याला वाट नाकारल्यावर मात्र ते ठरावाच्या बाजूला आले. ऑक्टोबर 2007 मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तो 27 विरुद्ध 21 मतांनी संमत केला. तुर्कस्तानने राजदूताला सल्लामसलतीसाठी परत बोलावले आणि ठराव त्या काँग्रेसमध्ये सभागृहाच्या मतदानापर्यंत पोहोचलाच नाही. इतिहासातील सत्य मित्रराष्ट्राच्या वर्तनानुसार बदलत नाही, हे खरे असले तरी राजकारण्याचे मत तसे बदलते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

भारताच्या दृष्टीने लँटॉस यांचे नाव अणुकराराशी जोडलेले आहे. भारताशी नागरी अणुसहकार्याचा मार्ग मोकळा करणाऱ्या, डिसेंबर 2006 मध्ये संमत झालेल्या हाइड कायद्याचे ते प्रतिनिधिगृहातील डेमोक्रॅटिक पक्षाकडील प्रमुख पुरस्कर्ते होते. तत्पूर्वी 2005 मध्ये इराणच्या प्रश्नावर भारताने अमेरिकेची साथ द्यावी, असा कडक इशारा त्यांनी जाहीर सुनावणीत दिला होता. त्याच वर्षी 24 सप्टेंबर रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारताने इराणविरोधी मतदान केले आणि देशात त्यावरून मोठा वाद झाला. परक्या देशाच्या एका लोकप्रतिनिधीचे शब्दही दिल्लीतील चर्चेला कसे वळण देतात, हे त्यातून दिसले.

जानेवारी 2007 मध्ये लँटॉस परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष झाले. त्या नोव्हेंबरात याहू कंपनीच्या प्रमुखांना समितीपुढे बोलावून त्यांनी तीव्र शब्दांत जाब विचारला. कंपनीने दिलेल्या माहितीच्या आधारे चीनमधील पत्रकार शी ताओ यांना 10 वर्षांची शिक्षा झाली होती. सुनावणीनंतर आठवडाभरातच कंपनीने पीडित कुटुंबांशी तडजोड केली. एप्रिल 2006 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, दारफूरमधील हत्याकांडाच्या निषेधार्थ सुदानच्या वकिलातीपुढे निदर्शने करताना त्यांना अटकही झाली होती.

11 फेब्रुवारी 2008 रोजी अन्ननलिकेच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मानवाधिकार गटाचे रूपांतर प्रतिनिधिगृहाच्या अधिकृत मंडळात होऊन त्याला त्यांचे नाव देण्यात आले. 1944 च्या बुडापेस्टमध्ये एका परक्या मुत्सद्द्याने आपल्या पदाच्या मर्यादेत राहून, त्या मर्यादा ताणून, माणसे वाचवली. लँटॉस यांच्या मते परराष्ट्र धोरणाचे खरे माप तेच होते. त्यांच्या निर्णयांपैकी काही त्या मापात बसतात, काही बसत नाहीत. पण ते माप सभागृहासमोर सतत ठेवण्याचे काम त्यांनी सत्तावीस वर्षे केले.