शेताचे नाव आणि माणसाचा माग : प्रेअरीवरील नॉर्वेजियन शेतकऱ्यांची चरित्रसाधने

सामान्य शेतकऱ्याचे चरित्र लिहिता येते काय, हा इतिहाससंशोधनातील एक जुना प्रश्न आहे. राजे, सेनापती व मुत्सद्दी यांच्यामागे कागदपत्रांचे ढीग राहतात. नांगर धरणाऱ्या माणसाचे नाव जन्म, विवाह, मृत्यू व जमीन एवढ्याच निमित्तांनी कागदावर येते. एकोणिसाव्या शतकात नॉर्वे सोडून अमेरिकेच्या प्रेअरी प्रदेशात, म्हणजे मध्यपश्चिमेकडील विस्तीर्ण गवताळ मैदानांत, शेती करण्यास गेलेल्या कुटुंबांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांचे वंशज व इतिहासकार या दोघांनीही त्यांचा माग अटलांटिक महासागराच्या दोन्ही तीरांवरील दप्तरांतून लावला आहे. हा माग बहुतेक ठिकाणी जमिनीच्या आधाराने लागतो, आणि ज्याच्या नावावर जमीन नाही तो त्यातून निसटतो. ही साधने कोणती, ती कशी वापरावी आणि त्यांवर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या स्थलांतराचा आरंभ १८२५ साली झाला असे मानतात. त्या वर्षीच्या जुलै महिन्याच्या आरंभी ‘रेस्टॉरेशन’ नावाचे एक लहान गलबत ५२ माणसे घेऊन स्टाव्हांगर बंदरातून निघाले व ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. वाटेत एक मूल जन्मास आल्याने उतरणाऱ्यांची संख्या ५३ झाली होती. १८३४ मध्ये यांतील काही कुटुंबे इलिनॉय राज्यातील फॉक्स नदीच्या परिसरात गेली. तेथून पुढे विस्कॉन्सिन, आयोवा, मिनेसोटा आणि डाकोटा असा वसाहतीचा क्रम पश्चिमेकडे सरकत गेला. १८२५ पासूनच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक नॉर्वेजियन माणसे उत्तर अमेरिकेत गेली. १८०१ च्या खानेसुमारीत नॉर्वेची एकूण लोकसंख्या नऊ लाखांच्या आत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या संख्येचा अर्थ उमगतो.

देश सोडण्याची कारणे मुख्यतः जमिनीच्या प्रश्नात सापडतात. नॉर्वेच्या भूमीपैकी अवघी तीन टक्क्यांच्या आसपास जमीन लागवडीजोगी आहे. १८१५ ते १८६५ या पन्नास वर्षांत लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. जमीन तेवढीच राहिली. वडिलोपार्जित शेत सामान्यतः थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांना मोलमजुरी, मासेमारी किंवा ‘हुसमान’ होणे हे मार्ग उरत. हुसमान म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर झोपडी व जमिनीचा तुकडा घेऊन त्याबदली मालकाकडे राबणारे कूळ. १८५५ च्या सुमारास अशा जमीनधारक हुसमानांची संख्या ६५,००० च्या घरात होती. अमेरिकेत १६० एकर जमीन स्वतःच्या मालकीची होऊ शकते, ही वार्ता या वर्गाच्या कानी पडली तेव्हा तिचा परिणाम काय झाला असेल, हे सांगावयास नको.

संशोधकापुढील पहिली अडचण नावाची असते. त्या काळी नॉर्वेच्या ग्रामीण भागात स्थिर आडनाव नव्हते. माणसाला स्वतःचे नाव, बापाच्या नावावरून आलेले नाव, आणि तो ज्या शेतावर राहतो त्या शेताचे नाव, अशी तीन नावे असत. नील्सचा मुलगा ओले हा ओले नील्सेन होई. त्याची बहीण नील्सदात्तर होई. आणि ओलेचे मुलगे ओल्सेन होत. तिसरे नाव हे वंशाचे नव्हते. ते पत्त्यासारखे होते. हाउगेन नावाच्या शेतावरचा माणूस बाकेन नावाच्या शेतावर राहावयास गेला की त्याच्या नोंदीत हाउगेनच्या जागी बाकेन येई. स्थिर कुलनाव धारण करण्याची सक्ती नॉर्वेत १९२३ च्या कायद्याने आली.

अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरताच या तीन नावांतून एकाची निवड करणे भाग पडे. कोणी बापाचे नाव कायम केले, कोणी शेताचे. एकाच घरातील भावांनी वेगवेगळी निवड केल्याचेही आढळते. बापाच्या नावावरून नावे करण्याची रीत सर्वत्र तीच असल्याने ओल्सेन, हान्सेन, अँडरसन अशा नावांची माणसे एकेका वसाहतीत डझनांनी सापडतात. अशा वेळी शेताचे नाव हाच खरा धागा ठरतो. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन याचे घराणे या गोष्टीचे चांगले उदाहरण होय. त्याचे आईबाप थॉमस अँडरसन व्हेब्लेन व कारी बुंडे हे १८४७ साली वाल्द्रेस भागातून विस्कॉन्सिनला आले आणि १८६५ मध्ये मिनेसोटातील राइस काउंटीत शेतीसाठी स्थायिक झाले. पित्याच्या नावातील पहिला भाग त्याचा स्वतःचा, दुसरा त्याच्या बापाचा आणि तिसरा वाल्द्रेसमधील शेताचा आहे. मधल्या नावाने शोध घेऊ जाता असंख्य अँडरसनांच्या गर्दीत हा माणूस हरवला असता. शेवटच्या नावाने तो थेट आपल्या गावी पोहोचतो.

शेताचे नाव हाती आले की नॉर्वेतील दप्तरे बोलू लागतात. प्रत्येक शेताला महसुली नोंदवहीत क्रमांक असतो. ओलुफ रीघ या विद्वानाच्या शेतनामांच्या बृहद्ग्रंथाचे प्रकाशन १८९७ पासून सुरू झाले व त्यात ही नावे परगणावार दिलेली आहेत. चर्चच्या नोंदवह्या हे दुसरे मोठे साधन. १८१२ पासून त्यांसाठी छापील नमुने ठरवून देण्यात आले. शिवाय प्रत्येक वहीची दुसरी प्रत चर्चच्या कारकुनाने ठेवावी व दोन्ही प्रती एका छपराखाली ठेवू नयेत, असा दंडक घालण्यात आला. आगीत एक जळाली तरी दुसरी वाचावी हा त्यातील हेतू. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह व दफन यांच्या जोडीला देवी टोचल्याची नोंद आणि गाव सोडून जाणाऱ्यांची यादीही या वह्यांत मिळते. १८०१, १८६५ व १८७५ या वर्षांच्या खानेसुमाऱ्या नावनिशीवार आहेत. १८६७ पासून मोठ्या बंदरांतील पोलिसांनी देशत्याग करणाऱ्यांच्या याद्या ठेवण्यास आरंभ केला. गाव सोडल्याची नोंद चर्चमध्ये आणि जहाज गाठल्याची नोंद पोलिसांकडे, अशी दुहेरी खूण त्यामुळे सापडते.

अमेरिकेतील साधनांचे स्वरूप निराळे आहे. तेथील खानेसुमारीत जन्मस्थान म्हणून केवळ ‘नॉर्वे’ लिहिलेले असते. परगण्याचा पत्ता नसतो. नागरिकत्वाच्या जुन्या कागदांत स्वीडन व नॉर्वेच्या राजाची निष्ठा सोडल्याचा उल्लेख येतो, कारण १९०५ पर्यंत या दोन देशांचा राजा एकच होता. अनभ्यस्त वाचकाची त्यामुळे फसगत होते. मूळ परगणा कळण्याचे ठिकाण बहुधा स्थलांतरितांनी स्थापन केलेल्या ल्युथरन मंडळीची नोंदवही होय. त्याहून विस्तृत माहिती जमिनीच्या कागदांत मिळते. २० मे १८६२ रोजी संमत झालेला होमस्टेड कायदा १ जानेवारी १८६३ पासून अमलात आला. कुटुंबप्रमुख अथवा २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस, ती नागरिक असल्यास किंवा नागरिक होण्याचा इरादा तिने जाहीर केला असल्यास, अल्प शुल्कावर १६० एकर जमीन मिळे. पाच वर्षे तेथे राहून लागवड केल्याचे सिद्ध केल्यावर सरकारी सनद हाती पडे. या सिद्धतेसाठी अर्जदाराची व दोन साक्षीदारांची जबानी लागे. घर किती फूट लांबरुंद, कशाचे बांधलेले, विहीर आहे काय, किती एकर नांगरली, कुटुंबात माणसे किती, मध्यंतरी जमीन सोडून गेले होते काय, हे सारे त्यात येते. १८७३ ते १८७७ या वर्षांत टोळधाडीने पिके खाल्ली तेव्हा हक्क न गमावता काही काळ जमीन सोडून जाण्याची मुभा कायद्याने दिली होती. अशा गैरहजेरीचे कारणही फायलीत नमूद असते. साक्षीदार बहुधा शेजारीच असत आणि शेजारी पुष्कळदा त्याच खोऱ्यातले. एका परगण्याची माणसे एकत्र वसत, हे जॉन येर्डे यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालेस्ट्रांडच्या अभ्यासात दाखविले आहे. म्हणून एका माणसाचा धागा तुटला तर त्याच्या साक्षीदारांचा धागा धरून मूळ गावी जाता येते.

येथवर साधनांची जमेची बाजू झाली. आता त्यांतील पोकळ्यांकडे वळले पाहिजे. १८९० च्या संघराज्यीय खानेसुमारीचे बहुतेक कागद १९२१ मधील वॉशिंग्टनच्या आगीमुळे नष्ट झाले. १८८० ते १९०० या ज्या वीस वर्षांत डाकोटातील वसाहत भराला आली, नेमकी तीच त्यामुळे अंधारात राहतात. मिनेसोटाच्या १८८५ व १८९५ च्या आणि डाकोटा प्रदेशाच्या १८८५ च्या स्थानिक खानेसुमाऱ्या ही उणीव काही अंशी भरून काढतात. दुसरी पोकळी अधिक गंभीर आहे. सनद मिळालेल्यांची नावे सूचीत सहज सापडतात. ज्यांचा हक्क रद्द झाला त्यांच्या फायली जमीन कचेरी व अर्जक्रमांक यांनुसार ठेवलेल्या असल्याने नावावरून हाती लागणे कठीण. अवर्षण, कर्ज, आजार किंवा एकटेपणा यांमुळे जमीन सोडून गेलेल्या माणसाचा माग त्यामुळे लवकर पुसला जातो. टिकून राहिलेल्याच्या घराची लांबीरुंदी आपणास ठाऊक असते. गेलेल्याचे नावही दिसत नाही. प्रेअरीवरील जीवन म्हणजे कष्टातून यशाकडे झालेली वाटचाल, असा जो समज कौटुंबिक इतिहासांतून दृढ झाला, त्याला साधनांची ही रचना बरीचशी कारण आहे.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. नॉर्वेत विवाहानंतरही स्त्री आपल्या बापाचे नाव चालवी. अमेरिकेत ती पतीच्या नावात विलीन होई. होमस्टेडचा हक्क अविवाहित स्त्री वा विधवा यांस होता. पती कुटुंबप्रमुख असता पत्नीस तो सामान्यतः मिळत नसे. म्हणून जमिनीच्या दप्तरात पत्नी दिसते ती बहुधा ‘कुटुंबातील माणसे’ या रकान्यातील एक संख्या म्हणून. हार्डांगर भागातील गुरी ओल्सदात्तर ही १८५७ मध्ये अमेरिकेत आली व मिनेसोटातील कँडियोहाय काउंटीत राहिली. तिकडे ती गुरी एन्ड्रेसन म्हणून ओळखली गेली. पतीचे शेतनाम रोस्सेलांड होते. ऑगस्ट १८६२ मधील डाकोटा युद्धात तिचा पती व एक मुलगा मारले गेले. त्यानंतर जखमी पुरुषांना गाडीत घालून तिने सुरक्षित स्थळी नेले. तिने १८६६ मध्ये नॉर्वेतील आई व मुलीस लिहिलेले पत्र इतिहासकार थिओडोर ब्लेगेन यांनी प्रसिद्धीस आणले. असे पत्र आणि असा प्रसंग नसता, तर या स्त्रीची कथा शेजारपाजारच्या आठवणींपलीकडे गेली असती काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

ते युद्ध का झाले, हा प्रश्न या साधनांच्या सर्वांत मोठ्या पोकळीपर्यंत नेऊन पोहोचवितो. १८५१ च्या दोन तहांन्वये डाकोटा लोकांनी सुमारे २ कोटी ४० लाख एकर भूमी सोडली व मिनेसोटा नदीकाठच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात त्यांना राहावे लागले. १८५८ मध्ये त्याचाही अर्धा भाग गेला. १८६२ च्या उन्हाळ्यात ठरलेली रक्कम वेळेवर आली नाही, अन्न मिळेना, आणि ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅन्केटो येथे ३८ डाकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. त्यानंतर सहाव्या दिवशी होमस्टेड कायदा अमलात आला. १८६३ मध्ये डाकोटा लोकांना मिनेसोटातून हद्दपार करणारे कायदेही झाले. स्थलांतरिताच्या फायलीत मात्र जमिनीचा इतिहास सरकारी मोजणीपासून सुरू होतो. त्याआधी तेथे कोण राहत होते याविषयी तो कागद मूक असतो. नॉर्थ डाकोटातील स्पिरिट लेक या राखीव भूमीचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. १९०४ मध्ये ती बाहेरच्यांस खुली झाली, आणि १९२९ पर्यंत तेथील डाकोटा लोकांपेक्षा स्कँडिनेव्हियन वसाहतकऱ्यांच्या मालकीची जमीन अधिक झाली. कॅरेन हॅन्सेन या विदुषीने २०१३ मध्ये याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. तिची पणजी तेथे जमीन घेणाऱ्या नॉर्वेजियन स्त्रियांपैकीच एक होती. पूर्वजांचा शोध घेता घेता त्यांच्या शेजाऱ्यांचाही शोध घ्यावा लागतो, याचे हे उत्तम निदर्शक होय.

स्मृतीची परंपरा जपणाऱ्या संस्थांनी या अभ्यासाला मोठे साहाय्य केले. १८९९ पासून एकेका खोऱ्यातील स्थलांतरितांचे मेळावे भरू लागले. वाल्द्रेसच्या संघाच्या आरंभीच्या कार्यात थॉर्स्टाइनचा थोरला भाऊ अँड्र्यू व्हेब्लेन अग्रभागी होता. १९२५ मध्ये नॉर्थफील्ड येथे नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहास मंडळ स्थापन झाले. कादंबरीकार ओले रोल्व्हाग याचे मूळ नाव ओले एड्व्हार्ट पेडर्सेन. १८९६ मध्ये तो साउथ डाकोटात शेतमजूर म्हणून आला व पुढे जन्मस्थानाचे नाव त्याने आडनाव म्हणून धारण केले. प्रेअरीवरील पहिल्या पिढीचे चित्र रेखाटताना त्याने पत्नीच्या माहेरच्या आठवणींचा उपयोग केला, आणि त्या कादंबरीत विजयाइतकेच वेड, भीती व मृत्यू यांनाही स्थान मिळाले. दप्तरांत जे उमटत नाही ते सुचविण्याचे सामर्थ्य ललित साहित्यात असते. मात्र ते पुरावा म्हणून वापरता येत नाही, हेही विसरून चालणार नाही.

सारांश, नॉर्वेतील शेताचे नाव आणि अमेरिकेतील जमिनीची सनद या दोन खुंट्यांमध्ये या शेतकऱ्यांचे चरित्र ताणून बसविता येते. ही सोय असामान्य आहे आणि तिचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु जमिनीच्या कागदांवर रचलेला इतिहास हा जमीन मिळविणाऱ्यांचा व ती राखणाऱ्यांचा इतिहास होतो. मायदेशी भूमिहीन राहिलेला हुसमान, सनदेपूर्वीच निघून गेलेला वसाहतकरी, संख्येत विरघळलेली पत्नी आणि मोजणीच्या नकाशावरून नाहीसा झालेला डाकोटा शेजारी, हे सारे त्या फायलीच्या समासात उभे आहेत. पूर्वजाचे नाव सापडल्याबरोबर शोध थांबविणारा संशोधक वंशावळ पुरी करील. ही समासातील माणसे ज्याला दिसू लागतील, त्याच्या हातून इतिहास लिहिला जाईल.