न आलेल्या साथीचा इतिहास

एक जुने आत्मकथन शिकवताना 'देवी काढल्या' हा शब्दप्रयोग आला आणि सोलापुरातील आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने त्याचा अर्थ 'देवीचे चित्र काढले' असा सांगितला. वर्ग हसला, आम्हीही हसलो. नंतर जाणवले की ही चूक एका मोठ्या यशाची खूण आहे. देवीचा भारतातील अखेरचा रुग्ण 1975 साली आढळला. रोग गेला आणि त्यामागोमाग क्रियापदही गेले.

'देवी येणे' आणि 'देवी काढणे' यांत कर्ता बदलतो. येते ती देवी, काढतो तो माणूस, आणि तोही ती येण्याआधी. भारतातील पहिली देवीची लस 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. 'लस' म्हणजे मुळात व्रणातून पाझरणारा द्राव. किळस यावी अशा वस्तूच्या नावाला मराठीने संरक्षणाचा अर्थ दिला.

मात्र साथ म्हटली की मराठी मनात आधी उभा राहतो तो प्लेग. 10 मार्च 1897 रोजी रुग्णांची सेवा करताना झालेला सावित्रीबाईंचा मृत्यू आणि त्याच वर्षी 22 जूनला रँडवर झाडलेल्या गोळ्या, यांभोवती आपला प्लेगचा इतिहास फिरतो. घरझडत्यांविषयीच्या रास्त संतापात वाल्डेमार हाफकिन यांची लस तळटीपेत जाते. जानेवारी 1897 मध्ये मुंबईत त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती.

सोलापूरजवळच्या होटगीहून गदगमार्गे हुबळीकडे रेल्वे तेव्हाच धावू लागली होती. त्या हुबळीत मे 1898 पासून सर्जन कॅप्टन ल्यूमन लस टोचू लागले. सुमारे 50 हजारांच्या वस्तीपैकी बहुतेकांनी काही महिन्यांत ती टोचून घेतली. पण साथही त्याच दिवसांत चढत होती. अशा धावपळीतल्या आकड्यांवर प्लेग आयोगाने पुढे शंका घेतली. लस उपयोगी आहे हे मान्य केले, किती उपयोगी ते मात्र नेमके सांगता येत नाही असे म्हटले.

बडोदा संस्थानातील उंढेरा गावाचा हिशेब अधिक स्वच्छ आहे. फेब्रुवारी 1898 मध्ये तेथे प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांनाच लस टोचली. टोचलेल्या 71 जणांपैकी 8 आजारी पडले, 3 दगावले. न टोचलेल्या 64 जणांपैकी 27 आजारी पडले आणि 26 दगावले. सारे एकाच चुलीवर जेवणारे. पुरावा भक्कम आहे, पण तो ज्या 26 जणांच्या मरणाने मिळाला त्यांना मुद्दाम वगळले होते, हे वाचताना आम्हाला टोचणी लागते.

लशीने साथच लहान कशी होते, याचे गणित पुढे 1927 साली करमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी मांडले. मॅकेंड्रिक यांची बरीच नोकरी भारतात झाली होती. साथ थांबते ती माणसे संपल्यामुळे नव्हे. रोग होऊ शकेल अशांची संख्या एका उंबरठ्याखाली उतरली की ती विझत जाते. समजा, एक रुग्ण सरासरी दोघांना रोग देतो. लस नसेल तर शंभरांपैकी सुमारे 80 जणांना रोग गाठतो. साथीआधीच 33 जणांना पक्के संरक्षण मिळाले तर हा आकडा 30 च्या आसपास येतो. टोचले 33, वाचले 50! लस न घेतलेल्या 67 जणांपैकी एरवी 53 आजारी पडले असते, त्यांतले 23 जण दंड पुढे न करताच सुटले. निम्म्यांना आधी टोचले तर साथ पेटतच नाही. तेच 33 जण साथ ओसरताना टोचायला घेतले तर त्यांतले बहुतेक आजारी पडून गेलेले असतात.

गंमत अशी की या दोघांनी उदाहरणादाखल आलेख घेतला तो मुंबईतील 1905–06 च्या प्लेगमृत्यूंचा. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, माणसाकडून माणसाकडे नव्हे. त्यामुळे हाफकिन यांची लस टोचून घेणाऱ्याला तारी, शेजाऱ्याला फारशी नाही. उंदीर कोण टोचणार? उंढेऱ्यात भावाची लस भावाच्या कामी आली नाही ती यामुळेच. देवी मात्र माणसांतच फिरे, म्हणून देवी काढलेला दंड शेजारच्या पाळण्यातल्या बाळालाही पुरे.

हे 23 जण कोणत्याही दप्तरात सापडत नाहीत. प्लेगची कादंबरी होते, चित्रपट होतो. न झालेल्या आजाराला पात्र नाही, प्रसंग नाही, आणि आमच्यासारख्या साहित्य शिकवणाऱ्यांना त्याची सवयही नाही.

त्या विद्यार्थिनीने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले की आजीच्या दंडावर दोन गोल वण आहेत. ते कशाचे हे आजीला ठाऊक होते. आजवर कोणी विचारले नव्हते, एवढेच.