आल्टगेल्डांची माफी

गिरणी कामगारांचे दावे लढवण्यात माझी वकिली गेली, म्हणून इलिनॉयचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड मला आपले वाटतात. जन्म १८४७चा, जर्मनीतला. शिकागोत वकिली, मग न्यायाधीशपद. २६ जून १८९३ रोजी त्यांनी कामगार सभेत पडलेल्या बॉम्बबद्दलच्या हेमार्केट खटल्यातल्या फील्डन, नीबे आणि श्वाब यांना माफी दिली. त्याच खटल्यातले चौघे १८८७मध्येच फासावर गेले होते. नुसती दया दाखवून भागलं असतं. आल्टगेल्डांनी मात्र सविस्तर कारणं लिहिली: ज्यूरी हेरून बसवलेली, न्यायाधीश पूर्वग्रहदूषित, बॉम्ब कुणी टाकला याचा पुरावाच नाही. केवढी ही छाती! वर्तमानपत्रं त्यांच्यावर तुटून पडली. पुढच्या वर्षी रेल्वे कामगारांच्या पुलमन संपात राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडांनी फौज धाडली, तिलाही त्यांनी विरोध केला. १८९६ची गव्हर्नरपदाची निवडणूक ते हरले. पुढे क्लॅरन्स डॅरोंच्या कचेरीत त्यांनी पुन्हा वकिली केली.