टाइपिंगचा कंटाळा आणि एक लपलेली फाईल

लुई पुझां हे फ्रेंच संगणकतज्ज्ञ १९६३ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये काम करत होते. तिथल्या सीटीएसएस या यंत्रणेत एकाच संगणकावर बरेच जण आपापल्या टर्मिनलवरून काम करत. या यंत्रणेसाठी पुझांनी स्वतः कित्येक कमांड लिहिल्या होत्या. असलेल्या कमांड जोडूनच नवी कमांड का करू नये, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यातून रनकॉम हा प्रोग्राम तयार झाला. कमांड एका फाईलीत ओळीने लिहून ठेवायच्या, बदलता मजकूर ऐन वेळी पुरवायचा, बाकीचं रनकॉम बघून घेई. लिनक्स वापरणाऱ्यांच्या रोजच्या बॅशआरसी या फाईलीच्या शेवटी जे आरसी येतं, ते या रनकॉमचं. टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला ‘शेल’ हे नावही पुझांनीच दिलं.

युनिक्सचं पहिलं शेल केन थॉम्प्सन यांचं, १९७१ सालचं. त्यात वापरणाऱ्याने स्वतःचं काही घालावं अशी सोयच नव्हती. पण तेव्हाचा टेलिटाइप सेकंदाला जेमतेम १० अक्षरं छापायचा आणि त्याच्या कळाही जड. त्यामुळे फाईलींच्या यादीसाठी एलएस, नकलेसाठी सीपी, हलवण्यासाठी एमव्ही अशी दोन अक्षरी नावं युनिक्सच्या जन्मस्थानी, बेल लॅब्जमध्ये, आधीच रुळली. म्हणजे काटकसर कमांड लिहिणाऱ्यांनीच करून ठेवली होती.

ती काटकसर वापरणाऱ्याच्या हाती यायला १९७९ उजाडलं. स्टीव्हन बोर्न यांचं शेल त्या वर्षी सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर बाहेर पडलं. लॉगिन करताच ते घरच्या डिरेक्टरीतली प्रोफाइल नावाची फाईल वाचत असे आणि प्रोग्राम कुठे शोधायचे, कमांडची वाट पाहणारा प्रॉम्प्ट कसा दिसावा, हे ज्याचं त्याला तिथे ठरवता येई. या फाईलीच्या नावाआधी टिंब असतं, म्हणून एलएसच्या यादीत ती दिसत नाही. हे काही कुणी ठरवून केलेलं नव्हतं. बेल लॅब्जमध्ये काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये त्याची हकिगत लिहिली. चालू डिरेक्टरी आणि तिच्या वरची डिरेक्टरी यांच्यासाठी एक टिंब आणि दोन टिंबं अशा नोंदी आल्या. त्या यादीत दिसू नयेत म्हणून एलएसमध्ये पहिलं अक्षर टिंब असेल तर नोंद गाळायची, असा सोपा नियम घातला गेला. त्या नियमात टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाईल सापडली आणि लपवलेल्या फाईलींची प्रथाच पडली.

त्याच सुमारास बर्कलीत बिल जॉय यांनी सी शेल लिहिलं. आधी दिलेली कमांड उद्गारचिन्हाने परत बोलावणं, घरच्या डिरेक्टरीसाठी लहरी रेघेचं टिल्ड चिन्ह वापरणं या सवयी त्यातूनच आल्या. जॉय यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर टिल्ड आणि ‘होम’ एकाच कळेवर होते. सी शेलने दिलेली सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे एलियस. लांबलचक कमांडला आपल्याला हवं ते छोटं नाव द्यायचं. उबुंटूच्या तयार बॅशआरसीत ‘एलएल’ हे तपशीलवार यादीचं नाव असंच घातलेलं असतं. रेड हॅटवर रूट या सर्वाधिकारी खात्यात ‘आरएम’ या पुसण्याच्या कमांडला ‘आधी विचार’ असा पर्याय एलियसनेच चिकटवलेला असतो. याची एकदा सवय झाली की दुसऱ्या मशीनवर हात तसाच चालतो आणि तिथे विचारणारं कुणी नसतं!

एलियस एका जागी मात्र तोकडं पडतं. नवी डिरेक्टरी करायची आणि लगेच तिच्यात शिरायचं, हे रोजचंच काम घ्या. बॅश या शेलचं एलियस नाव घेऊन ते मधल्या दोन जागी बसवू शकत नाही. वेगळी स्क्रिप्ट लिहावी, तर ती स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालते. डिरेक्टरी बदलते ती त्या प्रोसेसपुरती; स्क्रिप्ट संपली की आपण होतो तिथेच. सुरुवातीच्या युनिक्सवर नेमकं हेच घडलं होतं, असं युनिक्सचे सहनिर्माते डेनिस रिची यांनी लिहून ठेवलं आहे. प्रत्येक कमांडसाठी वेगळी प्रोसेस सुरू होऊ लागली आणि डिरेक्टरी बदलणारी कमांड अचानक निकामी झाली. शेवटी ती शेलच्या पोटातच घ्यावी लागली.

यावर इलाज म्हणजे फंक्शन, म्हणजे एक नाव दिलेला कमांडचा छोटा गट, कारण ते चालू शेलमध्येच चालतं. डेव्हिड कॉर्न यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या कॉर्नशेलमध्ये फंक्शन आणि एलियस दोन्ही होती. बोर्न शेललाही पुढच्याच वर्षी फंक्शन मिळालं. मग डिरेक्टरी करून तिच्यात शिरणाऱ्या ‘एमकेसीडी’सारखी एका ओळीची फंक्शनं हातोहात एकाच्या फाईलीतून दुसऱ्याच्या फाईलीत जाऊ लागली.

ब्रायन फॉक्स यांचं बॅश १९८९ मध्ये आलं आणि त्याने एक पाऊल पुढे टाकलं. आपलं फंक्शन शेलने सुरू केलेल्या प्रोसेसलाही वारशाने देता येऊ लागलं. त्यासाठी त्याचा मजकूर एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये भरला जाई. नवं बॅश सुरू होताना तो वाचायचं, पण फंक्शनचा कंस मिटल्यावर थांबायचं नाही. पुढे जे असेल तेही चालवून टाकायचं. स्तेफान शाझलास यांना ही चूक सापडली सप्टेंबर २०१४ मध्ये. तेव्हा कित्येक वेब सर्व्हर ब्राउझरकडून आलेला मजकूर अशाच व्हेरिएबलमधून स्क्रिप्टकडे पाठवत. म्हणजे बाहेरच्या कुणीही कमांड धाडावी आणि सर्व्हरने ती मुकाट चालवावी. ‘शेलशॉक’ या नावाने ही चूक गाजली, तोवर ती सुमारे २५ वर्षं बॅशमध्ये बसून होती.

बॅशचं नवं लायसन्स, जीपीएलची तिसरी आवृत्ती, ॲपलने स्वीकारलं नाही. त्यामुळे मॅकवर बॅश ३.२ वरच अडकलं. २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीपासून नव्या खात्यांना झेडएसएच मिळू लागलं. पॉल फालस्टाड यांनी प्रिन्स्टनमध्ये शिकत असताना १९९० मध्ये लिहिलेलं हे शेल. जुन्या फाईलीतले बहुतेक एलियस आणि छोटी फंक्शनं उचलून नव्या झेडएसएचआरसीत टाकली की चालत. प्रॉम्प्ट मात्र नव्याने लिहावा लागे, कारण बॅश त्यात उलटी तिरकी रेघ वापरतं आणि झेडएसएच टक्क्याचं चिन्ह.