मोजायला सुरुवात कुठून करायची?

समलिंगी जोडप्याच्या घरात वाढलेलं मूल शाळेत मागं पडतं का? प्रश्न साधा दिसतो, पण त्यावर माणसांची घरं पणाला लागली होती. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात दोन परिचारिका दत्तक मुलं एकत्र वाढवत होत्या. कायद्यानं मात्र प्रत्येक मुलाची आई एकच. २०१४ साली डेट्रॉइटच्या न्यायालयात त्यांचा खटला चालला, तेव्हा साक्षीला संशोधक आले, आपापले आकडे घेऊन.

त्यांतले एक स्टॅनफर्डचे मायकेल रोझेनफेल्ड. त्यांनी २००० सालच्या जनगणनेत पाहिलं, की मूल एकाच इयत्तेत पुन्हा बसलं का. २०१०मध्ये त्यांनी मांडलं, की पालकांचं उत्पन्न आणि शिक्षण लक्षात घेतलं तर इतर मुलांशी असलेला फरक जवळजवळ मिटतो. पण त्यांनी पाच वर्षं एकाच ठिकाणी राहिलेली मुलंच धरली होती. २०१३मध्ये डग्लस ॲलन आणि सहकाऱ्यांनी वगळलेली मुलंही मोजली आणि उलटा निष्कर्ष काढला.

आता बघा. समजा, आईवडील विभक्त झाले, त्या वर्षी मूल नापास झालं, आणि दोन वर्षांनी आई तिच्या जोडीदारिणीबरोबर राहू लागली. जनगणनेच्या कागदावर उमटतं ते आजचं घर. अपयश मात्र जुन्या घरातलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते म्हणतात. इथं तर फांदी आधीच तुटलेली! अशी मुलं वगळावीत तर संख्या रोडावते, धरावीत तर दोष भलत्याच्या माथी.

म्हणजे मोजणी जन्मापासून हवी. असा विवाह जगात प्रथम कायदेशीर झाला नेदरलँड्समध्ये, १ एप्रिल २००१ला. तिथल्या सरकारी नोंदींवरून २०२०मध्ये मझरेकाय आणि सहकाऱ्यांनी अशा २,९७१ मुलांचा अभ्यास केला. जन्मापासून समलिंगी पालकांकडे वाढलेली मुलं प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणात सरस ठरली. पण इथंही घाई नको. हे पालक बहुधा जास्त शिकलेले आणि सधन होते.

डेट्रॉइटचा निकाल त्या दोघींच्या बाजूनं लागला, अपिलात उलटला, आणि २६ जून २०१५ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना न्याय दिला. डच अभ्यास त्यानंतर पाच वर्षांनी आला. मला हे योग्यच वाटतं. गरिबाघरची मुलं अनेकदा अभ्यासात मागं पडतात. म्हणून गरिबानं आईबाप होऊ नये, असं आपण म्हणतो का? मग गुणपत्रिका फक्त याच घरांकडे का मागायची?